माइकवाला पुरसो सांगतो

रुझार क्वाद्रूस, कुडतरीचा.
चौथ्या वर्षी देवी आल्या, डोळे घेऊन गेल्या
आणि तोंडभर वण ठेवून गेल्या, पावती दिल्यासारखे.
हे तोच सांगायचा, हसत.
मी वायर गुंडाळता गुंडाळता ऐकलेलं.

माझा धंदा माइक-लाऊडस्पीकरचा.
काल्याचं नाटक, चर्चचं फेस्त, कुणाचं लग्न,
आवाज मोठा करायचा असेल तिथे मी.

त्याचा मामा तारवटी.
बोटीवरून त्याने तीन रेकॉर्डी आणल्या
काउबॉयांच्या गाण्यांच्या, एकीला चीर.
रुझार ती गाणी चिरेसकट शिकला.
म्हातारपणापर्यंत तिसऱ्या कडव्यात
एक शब्द तो दोनदा म्हणे,
लोकांना वाटे, काय भाव आहे!

इंग्रजी त्याला अर्धंच कळे, मला पावही नाही.
"पुरसो, प्रेअरी म्हणजे काय रे?"
मी म्हटलं, आपलं खाजण, पण बांध नसलेलं.
तो बराच वेळ गप्प.
"बांध नाही?
मग तिथले लोक भांडतात कशावरून?"

घोडा मात्र मला सांगता येईना.
शेवटी शिगम्यात स्कूटरवर मागे बसवून
त्याला डिचोलीला नेला, घोडेमोडणी बघायला.
बघायला म्हणतो मी, सवयीने.
नाचणारा थांबला, त्याने रुझारचा हात धरून फिरवला:
लाकडी मान, कागदी फुलं, गळ्यात गोंडे,
आणि तिथून खाली घामाने निथळणारा माणूस,
पायात घुंगरू.
त्यानंतर रुझारच्या गाण्यांतले घोडे
कधी दौडले नाहीत.
ढोल-ताशावर दोन पावलं पुढे, एक मागे,
असे ते नाचत नाचत डोंगरापलीकडे जात,
मालकिणीचं पत्र घेऊन.

कोलव्याच्या हॉटेलात अकरा सीझन काढले त्याने.
एका गोऱ्या म्हाताऱ्याने रडून
स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.
टोपी मोठी होती, कानांवर यायची.
"ऐकू कमी येतं हिच्यात," म्हणून
ती त्याने गिटारच्या पेटीत ठेवून दिली, सुट्ट्या पैशांसाठी.

मुंबईच्या एका कंपनीने कॅसेट काढली.
कव्हरवर नाव छापलं 'रोझारिओ क्वाड्रा'.
आंजेलीन, त्याची बहीण,
त्याने विचारलं की त्यावर बोट फिरवून
दर वेळी बरोबर नाव वाचून दाखवी.
हे मला ठाऊक होतं. त्यालाही असेल.

कारण त्याच्याशी खोटं चालत नसे.
गाण्याआधी एकदा खाकरायचा
आणि मान कलती करून थांबायचा.
हॉलात किती माणसं, बरोबर सांगायचा.
"माणसं आवाज ठेवून घेतात, पुरसो.
खुर्च्या परत करतात."

मग किनाऱ्यावर यंत्राचा ठोका आला,
रात्रभर एकच, तापात कानशील उडतं तसा.
हॉटेलवाल्याचा मुलगा म्हणाला,
"अंकल, फक्त रविवारी, जेवणाच्या वेळी."
पुढे तेही नाही.
त्या शेवटच्या रविवारी मी म्हटलं, बरीच आहेत आज.
तो खाकरला. थांबला.
"नऊ," म्हणाला, "त्यातला एक वेटर."
आणि दोन तास गायला,
चीर पडलेला शब्द धरून सगळं.
वेटर ट्रे घेऊन तसाच उभा. बाहेरून कुणी हाक मारत होतं त्याला.

गेल्या मार्चात गेला.
पाद्रींचा निरोप आला, माइक नीट लाव, लोक येणार.
मी वायर ओढली, आल्तारापासून दारापर्यंत,
पेटीवरून नाही, बाजूने.
बटण दाबलं. हॅलो. वन. टू.
त्याच्यासारखी मान कलती करून थांबलो.

काही परत आलं नाही.